नारळाच्या कपाळावरची बेगड

बेगड लावायची तर आधी वारा बंद करावा लागतो. आता आमचं घर आगरदांड्याच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. तिथं वारा कोण बंद करणार? म्हणून घराच्या मधोमध एक बिनखिडकीची खोली होती. दार लोटायचं, फटीत गोणपाट कोंबायचं, समई लावायची आणि बसायचं. समई लांब ठेवायची, कारण तिची ऊब लागली तरी पान थरथरतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बोलायचं नाही. तोंडातून शब्द निघाला की त्याबरोबर वारा निघतो, आणि वारा निघाला की बेगड उडून भलतीकडे जाऊन बसते, मग ती सुरकुतते आणि गेली कामातून. माझ्यासारख्या बडबड्या बाईची देवानं तिथं नेमणूक केली, आता काय म्हणावं त्याला! माहेरी भात लावताना माझी टकळी बांधापलीकडच्या शेतात ऐकू जायची. इथं मी तासन्‌तास ओठ मिटून बसायला शिकले.

हल्लीच्या पोरांना बेगड म्हणजे काय ते सांगावं लागतं. कथील असतं ना, आपण पितळेच्या भांड्यांना कल्हई करतो ते, त्याचं कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ पान. त्यावर लाखेचा रंग चढवला की लाल, हिरवी, सोनेरी बेगड होते. आतून धातू चमकतो आणि वरून रंग, त्यामुळे दिव्याच्या उजेडात ती जिवंत असल्यासारखी दिसते. माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायचे, ते सांगायचे की त्यांच्या आज्याच्या काळात ही पानं हातानं ठोकून केलेली असत आणि घाटावरून बैलाच्या पाठीवर येत. त्यात एक पान जाड तर एक फाटकं. मग मुंबईला विलायतेहून यंत्रावर लाटलेली बेगड यायला लागली, एकसारखी आणि गुळगुळीत. मोठ्या लढाईत तीही यायची थांबली, तेव्हा मामंजींनी चहाच्या खोक्यांच्या आत असतो तो शिशाचा पत्रा काढून, कवडीनं घोटून वापरला होता. "लई जड," म्हणायचे. "नवरदेव मान खाली घालूनच लग्नाला उभा. लोकं म्हणायची, पोरगा किती लाजरा हाय!"

नावंही किती तरी. आम्ही बेगड म्हणायचो, आमच्या शेजारचे मुसलमान पन्नी म्हणायचे, आणि सिगारेटच्या पाकिटातून निघायचा तो पोरांचा चांदीचा कागद. मिठाईवर लावतात तो वर्ख वेगळा, तो खऱ्या चांदीचा, पोटात गेला तरी चालतो. पुढं वय झाल्यावर मी अक्षरं जुळवायला शिकले तेव्हा एका मास्तरांना विचारलं होतं, ही नावं आली कुठून? ते म्हणाले, वर्ख म्हणजे अरबीत पान, झाडाचं किंवा पुस्तकाचं. आणि बेगड? तर म्हणाले, ते काही मला सांगता येणार नाही, बाई. म्हणजे बघा, खाल्ला जातो त्याच्या नावाचा पत्ता लागतो, आणि मी जन्मभर जी चिकटवली तिचा नाही.

आमच्या घरचं काम बाशिंगांचं. नवरानवरीच्या कपाळाला लग्नात बांधतात ती. भेंडाचा हलका गाभा, त्यावर कागद, त्यावर बेगड, कडेला मण्यांच्या झालरी. खाडीच्या दोन्ही अंगांची लग्नं आमच्या बाशिंगांवर व्हायची. मी त्या घरात आले तेव्हा परकर सुटून लुगडं नुकतंच आलं होतं. नवरा माझ्याहून थोडा मोठा, उंच, आणि त्याला घरातल्या त्या कोंदट खोलीचा मनापासून कंटाळा. "हितं श्वास घ्यायची चोरी," म्हणायचा. दर वर्षी लग्नसराईच्या आधी मुंबईला जाऊन बेगड आणायचं काम मात्र तो आवडीनं करायचा. आगबोटीवर चढताना त्याचा चेहरा असा काही खुलायचा, की जणू त्याचंच लग्न आहे.

एका वर्षी बेगडीचा गठ्ठा आला आणि तो आला नाही. ओळखीच्या एका तांडेलानं गठ्ठा आणून ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "तुमचा पोरगा मोठ्या बोटीवर लागला. खलाशी म्हणून. लांब जानार हाय. सांगितलंय, येतो म्हनावं." आम्ही गठ्ठा सोडला. पानं मोजून बरोबर, रंग सगळे नीट, ओल लागू नये म्हणून मेणकापडात बांधलेली. इतक्या मायेनं बांधली होती, की मला वाटलं, महिन्याभरात येईल हा.

त्यानंतर त्याचा निरोप नाही की काही नाही. कुणी म्हणे एडनला पाहिला, कुणी म्हणे बोट बुडाली, कुणी म्हणे तिकडेच घर केलं. सासूबाई दोन पावसाळे वाट बघून गेल्या. मग घरात उरलो मामंजी आणि मी. सून आणि सासरा, त्यात बोलणार काय? पाणी तापलंय, जेवायला वाढलंय, बाजाराला जायचंय. इतकंच.

पण काम त्यांनी मला शिकवलं. आधी ते काम बायकांकडे मणी ओवण्यापुरतंच होतं. त्यांचा हात कापायला लागला तेव्हा एक दिवस मला खोलीत बसवलं आणि हातानंच दाखवलं, बोलायचं नव्हतंच. चिंचोक्याची खळ शिजवायची, झुरळं लागू नयेत म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद. कागदाची पट्टी आपल्या केसांवरून फिरवायची, म्हणजे तेलाच्या ओशटपणानं पान अलगद उचललं जातं. हाताचं बोट लावायचं नाही, घामाचा डाग पडतो. पान टेकवलं की मध्यापासून कडेकडे कापसानं दाबत न्यायचं, आणि कड बांबूच्या कोवळ्या कामटीनं मुडपायची. कड उचलली तर सगळं बाशिंग गेलं. पहिलं बाशिंग माझ्या हातून उतरलं तेव्हा मामंजींनी ते समईसमोर धरून फिरवून पाहिलं आणि बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "कड बसली."

आता एक सांगायला हवं. बाशिंगाला विधवेचा हात चालत नाही. मी तर सवाष्ण होते, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावत होते. पण कुंकवाचा धनी कुठाय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हळदीकुंकवाला बोलावणं यायचं, पण ओटी भरताना बाई क्षणभर थांबायची. दु:खाच्या घरीही मला कुणी जवळ घेऊन रडत नव्हतं, कारण माझं काही गेलंय असं कुणी म्हणत नव्हतं. संध्याकाळी ओट्यावर बसलं की समोरून दिघीकडे जाणारे पडाव दिसायचे, माणसं भरलेले. त्यातली बायामाणसं घरी जाऊन काय काय बोलत असतील, याचाच मी विचार करत बसायचे. मग आत जाऊन बेगड लावायचे. त्या खोलीत मात्र मी कोण हे विचारायला कुणी नव्हतं. पान नीट बसलं की नाही, एवढाच प्रश्न. म्हणून सांगते, ते काम माझ्या हातून जाऊ नये एवढीच माझी इच्छा होती. दुसरं काही मागावंसं वाटतच नव्हतं.

नाहीसा झालेला माणूस बारा वर्षं आला नाही तर तो गेला असं धरायचं आणि त्याचं क्रियाकर्म करायचं, असा रिवाज. बारावं वर्ष सरलं तसं लोक मोजायला लागले. माझ्यापेक्षा त्यांनाच ते जास्त पाठ. एका लग्नाचं बाशिंग परत आलं. मुलीची आई स्वतः घेऊन आली, पदराखाली झाकून, आणि मामंजींपाशी ठेवून म्हणाली, "राग मानू नका आजोबा. आमची एकुलती एक पोर हाय. तुमच्या सुनेचं कुंकू खरं का बेगडी, ते आमाला कसं कळावं?"

मामंजी म्हणाले, "बेगडी तर बेगडी. टिकाऊ हाय का बघ."

ती ओशाळली, पण बाशिंग ठेवून गेली. मी दाराआड उभी होते. ते लाल-सोनेरी बाशिंग इतकं सुबक उतरलं होतं, माझ्या हातचं सगळ्यात चांगलं.

मग माझा भाऊ आला. आतल्या गावाहून, चालत, खांद्यावर नव्या तांदळाचं गाठोडं. तो माझ्यावर जीव टाकणारा, म्हणून त्याचं बोलणं जास्त लागलं. मामंजींसमोर बसला आणि म्हणाला, "मामा, आता त्याला पानी द्या. तो तिकडं तळमळत असंल नि ही हिकडं. एकदा पानी दिलं की मी बायला घेऊन जातो. आपल्यात पाट लागतो. एक चांगला मानूस हाय, बायको मेलेला, दोन खंडी भात पिकवतो."

मामंजी म्हणाले, "तिला इचार."

भाऊ माझ्याकडे वळला. "काय गं बाय?"

मी म्हटलं, "दादा, पाणी दिलं की मला बाशिंगाला हात लावता येणार नाही."

"अगं मग नको लावूस! भात लाव. आपली रीत हाय ती. ह्या काळोखात बसून डोळे गेले तुझे."

"गेलेले नाहीत अजून."

"बाय, तुझं लग्न ह्या घराशी झालं का त्या बेगडीशी?"

मामंजी हसले. भाऊही हसला. मला हसू आलं नाही. खरं तर मला उत्तर माहीत होतं, पण ते भावाला सांगण्यासारखं नव्हतं.

त्या रात्री काही ठरलं नाही, सकाळी मामंजीच म्हणाले, "करून टाकू." त्यांच्याकडे बघितलं तर चेहरा ओढलेला. बारा वर्षांत त्यांनी एकदाही तो मेला असं म्हटलं नव्हतं, की येईल असंही म्हटलं नव्हतं. पण जेवताना पहिला घास उचलून थोडं थांबायचे. पोराच्या पोटात काही गेलं असंल का, हा विचार असायचा, हे मला कळत होतं. मी मान डोलावली.

मढं नसलं की दर्भाचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. डोक्याच्या जागी नारळ. भटजींनी दर्भ आणून दिला, पुतळा कसा बांधायचा ते सांगितलं आणि म्हणाले, "उद्या सकाळी येतो. तयार ठेवा." मामंजी म्हणाले, "मी बांधतो." आणि दर्भ आणि नारळ घेऊन खोलीत गेले. दार लोटलं. मी बाहेर स्वयंपाक करत होते. त्यांना आत बराच वेळ लागला, पण मला नवल वाटलं नाही. बापानं पोराचा पुतळा बांधायचा, वेळ लागणारच. बाहेर आले ते हात धुऊन अंथरुणावर पडले. पुतळा पंचानं झाकलेला होता.

सकाळी अंगणात भावकीतली चार माणसं, माझा भाऊ आणि भटजी. मला ओट्यावर बसवलं होतं, शेजारणी दोन बाजूंना. कुंकू अजून कपाळावर होतं, ते नंतर पुसायचं होतं. भटजींनी पंचा उचलला आणि हात तसाच वर राहिला.

दर्भाचं अंग, नारळाचं डोकं, आणि नारळाच्या कपाळावर बाशिंग. छोटंसं, भेंडाचं, त्यावर लाल बेगड आणि सोनेरी कड, त्या कापऱ्या हातानं कशी कुणास ठाऊक, पण अगदी नीट मुडपलेली.

मग भटजी हळूच म्हणाले, "अहो, हे काय केलंत?"

मामंजी पुढं होऊन बघायला लागले. त्यांना खरोखर कळत नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. "मी लावली?" म्हणाले. "मी... कवा लावली?" जन्मभर त्या खोलीत त्यांनी ज्या ज्या कपाळाचा विचार केला ते नवरदेवाचं होतं. हाताला दुसरं काही येतच नव्हतं. डोकं समोर ठेवलं आणि हातानं आपलं काम केलं.

"बाशिंग बांधलेल्याला अग्नी कसा देऊ मी?" भटजी म्हणाले. "हा नवरदेव झाला. काढा ते."

मामंजींनी नखानं कड उचलायला बघितलं. हात इतका कापत होता की नारळच हलायला लागला. चिंचोक्याची खळ वाळली की दगड होते. भाऊ म्हणाला, "मामा, सरा, मी ओरबाडतो." भटजी ओरडले, "ओरबाडायचं नाही! फाटकं बाशिंग म्हणजे आणखी अपशकुन." भावकीतला एक जण म्हणाला, दुसरा नारळ घ्या. तर मामंजी त्या नारळाला दोन्ही हातांनी धरून बसले. सोडेचनात.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते मला सगळ्यांदेखत कधी हाक मारत नसत. म्हणाले, "सूनबाय, तू नको हात लावूस. ऱ्हाऊ दे तसंच. न्हाय करायचं आपल्याला काय."

मला कळलं ते काय देत होते. आज हे राहिलं की राहिलं. माझं कुंकू राहील, खोली राहील, लोक परत कुजबुजतील आणि परत गप्प बसतील. मला फक्त ओट्यावर बसून राहायचं होतं. पण मी त्यांचे ते हात बघितले, नारळाला धरलेले. हा माणूस आता रोज जेवताना त्या बाशिंगाचाही विचार करत बसणार. आणि खरं सांगू? मीही थकले होते. ना सवाष्ण, ना विधवा, ना कुणाची वाट बघणारी, ना वाट सोडलेली. एखाद्या बाजूला तरी पडावं, असं झालं होतं.

मी उठले. आतून तांब्याभर कोमट पाणी, कापूस आणि कामटी आणली. अंगणात वारा होता, म्हणून भावाला सांगितलं, "दादा, पंचा धर आडोशाला." त्यानं धरला. कापूस ओला करून कडेकडेनं दाबत गेले. खळ मऊ व्हायला वेळ लागतो, घाई करून चालत नाही. सगळे उभे. एक शेजारीण हुंदके द्यायला लागली तर मी तिला हातानं गप्प केलं, श्वासानं पान फाटेल म्हणून. मग कामटी आत सरकवली आणि ते बाशिंग अख्खं, सुरकुतीसुद्धा न पडता, सोडवून घेतलं. ते मामंजींच्या ओंजळीत ठेवलं. नारळाच्या कपाळावर ओला डाग राहिला होता, तो पदरानं पुसला.

भटजी म्हणाले, "चला आता."

त्यांनी पुतळा खाडीकाठी नेला. मागं बायकांनी माझं जे करायचं ते केलं. बांगड्या फुटताना आवाज होतो तो मला आठवत नाही, पण मंगळसूत्र काढताना एका बाईची बोटं गार होती, ते आठवतं.

भाऊ चार दिवस थांबला. मी येत नाही म्हटल्यावर चिडला. "आता काय हाय तुझं हितं?" मी म्हटलं, "मामंजींना भात कोण घालील?" तो म्हणाला, "आणि तुला?" जाताना तांदळाचं गाठोडं मात्र ठेवून गेला, आणि वाकून मामंजींच्या पाया पडला.

त्या वर्षीची लग्नसराई आमच्या दारावरून गेली. बाशिंगं लोक मुरुडहून आणायला लागले. मामंजी ओट्यावर बसायचे. मी नारळाच्या झावळ्या विणायचे, केरसुण्या करायचे. खोलीचं दार उघडंच असायचं. बेगडीच्या उरल्या गठ्ठ्यातली एक दोन पानं वाऱ्यानं अंगणात यायची, कोंबड्या चोच मारून बघायच्या. मी पहिल्यांदा ती उचलून ठेवली, मग उचलेनाशी झाले. तासन्‌तास बोलायला मोकळी होते आणि बोलायला काही सुचत नव्हतं. एवढा एकटेपणा मला नवरा गेल्यावरही वाटला नव्हता.

मोहरमच्या आधी शेजारच्या मोहल्ल्यातला एक म्हातारा आला. दर वर्षी ताबूत तोच बांधायचा, बांबू नि कागदाचा, वर पन्नी. मामंजींना म्हणाला, "काका, औंदा पन्नी कोन लावनार? माझे डोले गेले. पोरं लावतात ती तिसऱ्या दिवशी सुटून लोंबते."

मामंजी म्हणाले, "माझा हात गेलाय. तिला इचार."

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "लावशील काय भाभी?"

मी म्हटलं, "चाचा, माझं काय झालंय ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक हाय." तो म्हणाला, "ताबुताचं काय लगीन लावायचंय? आमचा हा रडायचाच सन. तुझा हात त्यात बाटनार न्हाय, नि ताबूतबी बाटनार न्हाय."

त्यांच्या अंगणातल्या पडवीत चटया बांधून वारा अडवला. मी आठवडाभर जाऊन बसले. त्यांच्या बायका चहा आणून बाजूला ठेवायच्या आणि न बोलता परत जायच्या, त्यांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं. घुमटाला हिरवी, कमानींना रुपेरी, खाली लाल पट्टा. इतकी मोठी जागा मला आधी कधी मिळाली नव्हती. बाशिंग म्हणजे तळहाताएवढं काम. इथं पान टेकवून मागं सरकून बघावं लागायचं.

ताबूत निघाले त्या दिवशी मामंजींना ओट्यावर आणून बसवलं. त्यांना लांबचं दिसत नव्हतं. ढोल वाजत, मशाली घेऊन लोक आमच्या दारावरून गेले. ताबूत आला आणि मशालीच्या उजेडात सगळी बेगड एकदम पेटल्यासारखी झाली. पुढं उभ्या असलेल्या बायका "अगो बाई" म्हणाल्या. कुणी लावली, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

मामंजी म्हणाले, "गेला का?"

"आत्ता समोरून गेला."

"घुमटाखाली लाल दिलीस काय?"

"दिली."

"कड?"

"बसलीय, मामंजी."

ते मान हलवत राहिले. ढोल खाडीकडे उतरून लहान होत गेले. थोड्या वेळानं ते म्हणाले, "मला आत ने, गार लागतंय." मी त्यांना आत नेऊन निजवलं, पांघरूण घातलं, आणि परत येऊन ओट्यावर बसले. रस्ता रिकामा झाला होता.